गोराईच्या शाळेतला पहिला बाक

मुलुंडहून दोन बस बदलून बोरिवलीच्या धक्क्यावर पोहोचले तेव्हा खाडीला ओहोटी होती. गोराईला नेणारी बोट लांब उभी आणि तिच्यापर्यंत एक डुगडुगती फळी. एका हातात तक्ते, दुसऱ्या हातात चपला अशी मी निघाले आणि मध्येच घोटाभर चिखलात उतरले. "तक्ते वर धर गं, पाय काय, धुता येतील!" बोटवाला ओरडला. त्याचं ऐकलं. बी.एड.च्या सहा आठवड्यांच्या सरावाचा शेवटचा दिवस, पाठ बघायला कॉलेजच्या मॅडम येणार, आणि विषय 'आपल्या वर्गातली विविधता'.

पलीकडे उतरलं की बोंबलांचा वास येतो. पहिल्या आठवड्यात मी नाकाला रुमाल लावायची. आता वलांडी (बोंबील वाळत घालायची बांबूंची मांडणी) दिसली की मला भूक लागते.

फाटकाशी फिलू उभी होती. फिलोमिना, पाचवीतली. तीन वर्षं ती शेवटच्या बाकावर बसायची आणि सगळे तिला मठ्ठ म्हणायचे. तिला नीट ऐकू येत नाही हे माझ्या लक्षात आलं, तेही योगायोगानं. फळ्याकडे तोंड करून विचारलं की ती गप्प, तिच्याकडे बघून विचारलं की उत्तर बरोबर. मी तिला पहिल्या बाकावर आणलं. तेव्हापासून ती माझ्या ओठांकडे बघून शिकत होती. उत्तर उशिरा द्यायची, आणि द्यायची तेव्हा शेजारच्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मला केवढा अभिमान होता त्याचा! आज तिनं आजोबांची जाळं विणायची सुई आणि स्वतः विणलेला वीतभर तुकडा आणला होता. वर्गाला दाखवायला आण असं मीच सांगितलं होतं.

"तिला आज मागं बसव हं," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "पाहुणे आले की आम्ही तसंच करतो. पस्तीस मिनिटांचा पाठ, ती अडकली की तुझी वाट लागेल." बाई वाईट नाहीत; सकाळचा चहा रोज मला त्याच देत. मी नाही म्हणू शकले असते. मी फिलूचं दप्तर उचललं.

पाठ झकास झाला. ठरलेल्या मुलांनी ठरलेली उत्तरं दिली. शेवटच्या बाकावरून जाळ्याचा तुकडा दोनदा वर झाला. दोन्ही वेळा मी 'कुणीही मागे राहू नये' असं लिहिलेल्या तक्त्याकडे वळले. मॅडमनी शेरा लिहिला: 'सर्व विद्यार्थ्यांना उत्तम सामावून घेतले.'

मधल्या सुट्टीनंतर फिलू वर्गात नव्हती. शाळा सुटल्यावर मी विचारत विचारत तिच्या घरी गेले. तिची आई वलांडीवरचे बोंबील काढत होती.

"शालंन नाय जायाचं बोलते," ती म्हणाली. "मी बोलले, टीचर चांगली हाय तुजी. ऐकत नाय. राहू दे, सोमवारपासून माज्यासंगती बाजारात येल."

तिनं मला आग्रहानं बसवलं, भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. लेकीनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. लाज वाटली.

फिलू मागच्या दारी होती. तिच्यासमोर मी उकिडवी बसले, ओठ दिसतील अशी.

"सोमवारी शाळेत ये. पहिला बाक तुझाच आहे. तुझ्या वर्गाच्या टीचरना सांगितलंय मी."

कुणालाही काही सांगितलं नव्हतं मी. तिनं ते माझ्या ओठांवरून वाचलं. मग नेहमीसारखं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "आन पावने आले की?"

तिच्या आईनं दिलेली बोंबलांची पुडी घेऊन मी निघाले.

परतताना भरती होती, फळीची गरज पडली नाही. घरून आईचा फोन आला, पाठ कसा झाला म्हणून. चांगला झाला, म्हटलं. पुढच्या जूनमध्ये मला स्वतःचा वर्ग मिळेल, तेव्हा कुणालाही मागे बसवणार नाही, असं बोटीत मी स्वतःला बजावत होते. पण हे मला सकाळीही ठाऊक होतं. मांडीवरच्या तक्त्यावर माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं, आणि तक्त्याला चिखलाचा एक थेंबही लागला नव्हता.