झिजलेल्या एसएसडी

सांगलीच्या हळद बाजारात आमच्या पेढीचा सर्व्हर सांभाळणारा माणूस जतकडचा. बोलतो कमी, तेही सर्व्हरकडं बघत. प्रत्येक सौदा आधी एका छोट्या एसएसडीवर, म्हणजे झटपट लिहिणाऱ्या डिस्कवर, उतरतो आणि मग मोठ्या डिस्कवर जातो. शेठ घरगुती कॉम्प्युटरसाठी मिळते ती स्वस्तातली आणतात, ती सतत लिहून लवकर झिजते.

खंडेनवमीला आम्ही तराजू पुजला. त्यानं खणातल्या मेलेल्या एसएसडी काढून एकेकीला हळद लावली.

"बंद पडलेल्या कशाला पुजता?" मी विचारलं.

"दिसभर हिच्यावर लिवायचं, वाचायचं फकस्त लाईट गेल्यावर. एरवी कोन इचारतंय हिला?"

पुढच्या आठवड्यात ऐन सौद्यात लाईट गेली. ती येऊन सगळे सौदे परत दिसेपर्यंत आम्ही त्या जतकडच्या माणसाभोवती उभे होतो. मग चहा आला. त्याचा सांगायचा राहिला होता.