चांगलं जाळं

कुरखेड्याच्या दवाखान्यात तपासणीसाठी रक्त द्यायला बसलो की आधी स्पिरिटचा वास येतो. तो गार वास नाकात शिरला की समोरची भिंत विरून जाते आणि आमच्या गावचा तलाव दिसतो. पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाची सावली दिसते, अन् त्या सावलीत पाय पसरून जाळं सांधत बसलेली माझी बायको. वासाचा आणि तलावाचा काही संबंध नाही. पण ती गेल्यापासून माझ्या डोक्यातल्या साऱ्या वाटा तिकडंच उतरतात.

आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी कुणाच्या घरी नवी सून आली की जाळं सांधायला शिकायला हिच्याजवळ यायची. ही तिच्या मांडीवर आपलं सगळ्यात चांगलं जाळं टाकायची. पोरी गाठी चुकवायच्या, मासोळ्या निसटायच्या, आणि मी बोंबलायचो की जुनं द्यायला काय होते. ती मान वर न करता म्हणायची, "फाटक्यावर शिकली तर हात फाटकाच बसन."

मग तिची किडनी बिघडली आणि आम्ही गडचिरोलीच्या दवाखान्यात राहू लागलो. तिथं नर्सिंग शिकणाऱ्या पोरी होत्या. एकीच्या हातून सुई चुकली, बायकोचा हात निळा पडला. साऱ्या वॉर्डासमोर मी ओरडलो, "जनावर समजली का? हिले हात नाई लावाचा." बायको आपला दुसरा हात पुढं करून म्हणत होती, "ये व माय, हा आहे ना." पण पोरगी निघून गेली होती.

त्यानंतर ती ट्रे घेऊन दारापर्यंत यायची, मला पाहून वळायची. मी पाहत होतो. बायको विचारायची, "अवो, ते पोरगी नाई दिसून राह्यली?" मी सांगितलं, गावाले गेली. "आली का पाठवा," ती म्हणाली. "तिचा हात बसला पाहिजे." मी पाठवली नाही. बायको गेली, आणि तिनं पुढं केलेला तो हात तसाच राहिला.

आज कुरखेड्यातही शिकाऊच पोरगी होती. मागं मोठी सिस्टर उभी होती. पोरीची सुई चुकली तशी सिस्टर हळूच म्हणाली, "माह्या हातून तं एका म्हाताऱ्याचा हात काळानिळा झाला होता. घाई नोको करू. कुठी चुकलं ते सांग, मंग टोच." चुकणाऱ्याला असं सांभाळून घेणारं माणूस मी बायकोनंतर पहिल्यांदा पाहिलं. पोरगी माझ्या तोंडाकडं पाहत होती. ती नजर मला ओळखीची होती. मी दुसरा हात टेबलावर ठेवला. म्हटलं, "कर व माय."

या खेपेला रक्त आलं. पण मन हलकं झालं नाही. ज्या पोरीला हात द्यायचा होता ती ही नव्हती. ती आता कुठं असेल, सुई धरत असेल की नाही, मला ठाऊक नाही.

घरी खुंटीवर बायकोचं ते जाळं आहे. बोटं फिरवली की सुनांच्या वाकड्या गाठी हाताला लागतात. तिनं एकही उसवली नाही. मलाही ती म्हणायची, बसा, शिका. बायका हसतील म्हणून मी कधी बसलो नाही. त्या जाळ्यात माझी एकही चुकलेली गाठ नाही.