जावेनं दिलेली सीट

माझ्या धाकट्या जावेवर मी जळायचे. आता खोटं कशाला बोलू? ती खराडीत मोठ्या नोकरीला, स्वतःची गाडी स्वतः चालवणारी. मी आमच्या नर्सरीत कुंड्यांत माती भरणारी. लग्न माझं आधी झालं, पण लेक तिला आधी झाली. मला मुलगा झाला तो नऊ वर्षांनी, नवसानं. त्याला साधी शिंक आली तरी माझा जीव खालीवर व्हायचा.

तिची लेक गाडीत मागे वेगळ्या सीटवर, पट्टे लावून बसायची, महाराणीच जणू! आमचं पोर जुन्या पिकअपमध्ये माझ्या मांडीवर. जाऊ बघायची, बोलायची काही नाही, नुसत्या भुवया वर करायची. त्या भुवया मला घरी येऊनही झोंबायच्या.

मग रोपं पोचवायला आम्ही नवी पिकअप घेतली. पुढे दोन्ही बाजूंना एअरबॅग! सगळ्या नातेवाइकांत मी सांगत सुटले. जावेची दृष्ट लागू नये म्हणून जीभ बाहेर काढलेल्या काळ्या तोंडाचं स्टिकर आणलं. डावीकडे काचेवर ऊन अडवायची झडप असते ना, तिच्यावर कंपनीनं कसलंसं पिवळं लेबल चिकटवलं होतं. मला ते दिसायला आवडत नव्हतं. स्टिकर बरोब्बर त्याच्यावर लावलं.

पुढच्याच आठवड्यात तिनं आपल्या लेकीची तान्हेपणीची सीट पाठवली, बाळाला मागे तोंड करून बसवायची. जुनी! माझ्या पोराला हिच्या लेकीची वापरून झालेली? पण सीट होती गुबगुबीत, परत पाठवायला मन होईना. पिकअपला मागे बसायला जागाच नाही, म्हणून पुढे खिडकीशी बांधली. मी मधे, गिअरशी गुडघे आवळून. तीन आठवडे असे मिरवलो आम्ही.

एका रविवारी जाऊ आली, पिकअपमध्ये डोकावली आणि पांढरीफटक पडली.

"ताई, एअरबॅगसमोर ही सीट? ती फुगली की थेट सीटच्या पाठीवर आदळणार. बाळाचं डोकं तिथंच आहे. वाचणार नाही तो. आत्ताच्या आत्ता काढा."

वाचणार नाही? माझ्या पोराबद्दल असं बोलायची हिची हिंमत! माझं डोकंच फिरलं.

"तुझ्याकडे होत्या तोवर एअरबॅग चांगल्या होत्या गं. आमच्याकडे आल्या की लगेच वाईट? पोटात दुखतंय तुझ्या, दुसरं काही नाही!"

ती चहाला न थांबता निघून गेली. मी जिंकल्यासारखी आत आले, पण कशात मन लागेना. तिचं ते 'वाचणार नाही, वाचणार नाही' एवढंच कानात. शेवटी ह्यांना म्हटलं, "अहो, त्या स्टिकरखाली काय होतं ते बघा बरं जरा." ह्यांनी नखानं खरवडून काढलं. खाली चित्र होतं. तशीच सीट, तसंच पाठमोरं बाळ, समोरून फुगलेली एअरबॅग आणि त्या सगळ्यावर लाल काट. अक्षरओळख नसलेल्यालाही कळलं असतं.

सीट काढली आणि जावेला फोन लावला. ती 'हॅलो'सुद्धा म्हणाली नाही.

"काढली?"

"काढली."

मग तिकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज.

बुधवारी बाळाचा लसीचा डोस होता. ती रजा टाकून आली. सीट तिच्या गाडीत मागे बांधली, मी बाळाशेजारी बसले. ती पुढून नुसतं "कुठाय आमचा राजा?" म्हणायची आणि हा लबाड खिदळत सुटायचा. माझ्याशी इतका कधी हसत नाही! जळले मी, पुन्हा जळले.

"पुढे बघून चालव," मी खेकसले. आणि मग मला राहवेचना. म्हटलं, "तुझ्यामुळं आहे गं तो."

तिनं गाडी तेवढी आणखी हळू केली.