कोरेगावला गेलेले पाट

सत्तरच्या दशकात मी सांगलीत एका मालवाहतूकवाल्याच्या गोदामाचा कारभार पाहत होतो. तेव्हा हळदीचं प्रत्येक पोतं पाठीवरूनच ट्रकमध्ये चढायचं आणि कोरेगावला पाठीवरूनच उतरायचं. एकाच पोत्याला किती वेळा हात लावायचा? मला ते बघवेना. मी सुताराकडून जाड फळ्यांचे बुटके पाट करून घेतले, सगळे एका मापाचे. पोती पाटावर एकदाच रचायची, हातपंपाच्या ट्रॉलीने पाट उचलायचा आणि ओट्यावरून सरळ ट्रकमध्ये सारायचा. कोरेगावच्या गोदामातही तशीच ट्रॉली ठेवली.

पाट झाले, आता माणसं जुळवायची होती. चार व्यापाऱ्यांनी खर्च वाटून घेतला आणि पाट आपापल्या वखारीत नेले. नियम एकच: जेवढे पाट हळद घेऊन जातील, तेवढे तिकडचा घेवडा घेऊन परत येतील. त्यातला कुणाचा कोणता, हे विचारायचं नाही.

पहिली गाडी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरवली. दोर, ताडपत्री, हमाल, सगळं तयार. तिघांचा माल चढला. चौथे शेठ, वयाने सर्वांत थोर, आडवे आले. खंडेनवमीला तराजूबरोबर त्यांनी पाटही पुजले होते. झेंडूच्या माळा अजून ताज्या होत्या.

"पुजलेली लक्ष्मी दुसऱ्याच्या दारात धाडायची? न्हाई जमायचं."

हे ऐकताच दुसरा व्यापारी म्हणाला, "त्यांचे राहणार असतील तर आमचेबी उतरवा."

एकाने पाट काढून घेतले असते, तर बाकीच्यांनीही घेतले असते आणि माझी योजना त्या ओट्यावरच संपली असती.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आवं शेठ, नवमीला माझ्या गाडीलाबी हार घातलाय. म्हणून तिला दावणीला बांधू व्हय?"

"तुझी गाडी फिरून तुझ्याच दारात येती रं. माझा पाट येतोय व्हय? कुणाचातरी भलताच येणार!"

त्यांचं खोटं नव्हतं. मी पुढे झालो. "शेठ, गेल्या वर्षी लेक सासरी दिलीत. ती घरची लक्ष्मीच ना? आणि सून आणलीत, ती कुणाच्या घरची?"



"पण सून पसंत न्हाई म्हणून बदलून मागायची न्हाई हां, शेठ!" ड्रायव्हर म्हणाला. हमाल खो खो हसले.

"तू गाडी हाक, गड्या, तोंड नको," शेठ म्हणाले, पण मिशीत हसत होते. मग त्यांनी घरून तांदूळ आणि हळकुंडं मागवली. प्रत्येक पाटावर मूठमूठ ठेवून लेकीसारखी ओटी भरली आणि पहिला पाट स्वतः हात लावून ट्रकमध्ये सारला.

गाडी घेवडा घेऊन परतली, तेव्हा शेठ ओट्यावर कुंकवाचा करंडा घेऊन उभे होते. पहिला पाट उतरला. तो कुणाच्या वखारीतून गेला होता, देव जाणे. शेठनी त्याला कुंकू लावलं आणि हमालांना दटावलं, "बघत काय राहिलाय? आत घ्या!"

बाकीचे तिघे आपापला घेवडा मोजून घेण्यात गुंतले होते. पाटांविषयी कुणी एक शब्द काढला नाही. पुढे मी मोठमोठी गोदामं सांभाळली, पण कामाचा इतका अभिमान मला पुन्हा क्वचितच वाटला.