अक्कांचा गोबरगॅस

आमच्या घरमालकीण अक्का चहासुद्धा चालत चालत प्यायच्या. बशी हातात, एक फेरी गोठ्याकडे, एक गोबरगॅसच्या टाकीकडे, आणि वाटेत आम्हा भाडेकरणींच्या दारांत डोकावणं. "काय गं, गॅस हाय का?" उत्तराला त्या थांबत नसत, शेगडीची ज्योत स्वतः बघून पुढे जात.

लग्नानंतर मी लातूरकडून चाकणजवळच्या त्यांच्या चाळीत आले. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा. आजूबाजूची शेतं एकेक करून कंपन्यांकडे गेली होती; अक्कांनी गोठा आणि मागचा तुकडा धरून ठेवला होता. म्हशींच्या शेणावर टाकी चाले आणि तिच्यावर आम्हा सगळ्या बिऱ्हाडांचा स्वयंपाक. बदल्यात शेण आम्ही पाळीपाळीनं कालवायचं. मला सुरुवातीला किळस यायची. "हात धुतला की जातं," अक्का म्हणायच्या, "मनातलं तेवढं ऱ्हातं. कालव लवकर."

थंडी पडली की टाकी गारठे, गॅस कमी येई. भात कच्चा राही, पुरुष डब्याशिवाय शिफ्टला जात. अक्कांच्या जिवाची तगमग होई. एका हिवाळ्यात त्यांनी हट्टानं गोठ्याच्या छपरावर सोलर बंब बसवून घेतला. मुलगा सुनील हसला. "आई, म्हशींना आता गरम पाण्यानं आंघोळ?"

"म्हशींना न्हाई, टाकीला. तिलाबी थंडी वाजती."

बंबाच्या पाण्यात शेण कालवायचं, म्हणजे टाकी आतून उबदार राहते. पाणी कोमटच घाला, असं बसवणाऱ्यानं बजावलं होतं. पण अक्कांना धीर कुठला! पाणी जास्त कढत तर गॅस जास्त, असं ठरवून त्या रोज चटका बसेल असं पाणी ओतत राहिल्या. ज्योत बारीक होत गेली आणि एका सकाळी पेटलीच नाही. शेण आंबवणारे जीवच आत मेले होते.

बसवणारा पुन्हा आला. "थोडं थोडं ताजं शेण, कोमट पाणी, आणि वाट बघा," एवढंच म्हणाला.

वाट बघणं म्हणजे अक्कांना आजारपण. टाकीला कान लावायच्या, झाकणाशी जायच्या, हात मागे घ्यायच्या. आमच्या दारात यायचं त्यांनी सोडलं. सुनीलनं तेवढ्यात विषय काढला, "बंदच पडलीय, तर देऊन टाकू जागा. गोडाऊनवाला थांबलाय."

"थांबू दे," अक्का म्हणाल्या. "मी थांबलीय न्हवं?"

हिवाळा सरता सरता गॅस परतला. त्या सकाळी अक्का प्रत्येक दारात आल्या आणि निळी ज्योत बघून गेल्या.

पुढे वैरण मिळेना, म्हशी राखायला माणूस मिळेना. शेवटी जागा द्यायला अक्कांनीच मान डोलावली. तिथं गोडाऊन उभं राहिलं, आम्ही पांगलो, अक्का सुनीलकडे मोशीच्या फ्लॅटमध्ये गेल्या. एका सकाळी त्याचा फोन आला, "ताई, आई तुमच्याकडं आलीय का?"

नव्हत्या. मग मी आणि सुनील त्यांच्या माहेरी, भामा नदीकडच्या गावी गेलो. भावाच्या गोठ्यामागे, पदर खोचून, अक्का कमरेइतक्या खड्ड्यात उभ्या होत्या.

"सांगून तरी यायचंस, आई!" सुनील ओरडला.

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?" त्यांनी फावडं वर धरलं. "न्यायला आला असशील तर आदी हे घे."

सुनील काठावर बसला. मग त्यानं बूट काढले.

गोबरगॅसच्या त्या नव्या टाकीवर घुमट चढायच्या आत अक्का गेल्या. दुपारी भावजयीशी बोलता बोलता. दहावा झाला आणि सुनील कंपनीत रजा टाकून तिथंच राहिला, काम पुरं होईपर्यंत. पहिला गॅस आला त्या दिवशी त्यानं मला बोलावलं. काडेपेटी त्यानं मामीकडे दिली. तिनंच शेगडी पेटवली आणि वर दूध ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडीभर पसरलं. तरी ज्योत कमी करायला आमच्यातलं कुणीच पुढं झालं नाही.