सरळ केलेली बटणं

रेव्ह पार्टी म्हटलं की लोकांना पोलिसांची धाड आठवते. चष्मेवाल्या बाईंना आठवतो एक आवाज: खालून घोंगावत वर येणारा, नाकात रडणारा, छातीत बसणारा. तरुणपणी त्यावर त्या मनसोक्त नाचल्या. आता पन्नाशी उलटली. दिवसभर दुकानात भिंगं घासायची आणि संध्याकाळी घरी जुना सिंथेसायझर घेऊन बसायचं, हा त्यांचा क्रम.

या यंत्रातून आधी भरघोस, करकरीत आवाज काढायचा आणि मग त्यातलं नको ते छाटत जायचं. "भिंगासारखंच," त्या म्हणतात, "फक्त इथे जास्त घासलं तरी काच वाया जात नाही." एक खोट मात्र आहे. यंत्राला स्मरणशक्ती नाही. बटणं जिथे फिरवून ठेवाल, तोच आवाज.

त्यांची नणंद साठीपुढच्या बायकांचा व्यायामवर्ग घेते. वर्गाच्या कार्यक्रमात तिला रेव्हच्या संगीतावर नाच बसवायचा होता. ठेका लॅपटॉपवर तयार झाला. तो आवाज मात्र तीन आठवडे हुलकावणी देत राहिला. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी एकदाचा सापडला. सकाळी रेकॉर्ड करू, म्हणून बाई निवांत झोपल्या.

सकाळी एका गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवून त्या परतल्या, तर सासूबाई फडकं झटकत खोलीतून बाहेर येत होत्या.

"किती वाकडीतिकडी होती गं ती बटणं. पुसली आणि सगळी सरळ केली."

बटणांवरच्या रेघा कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या ताठ होत्या. बाईंनी पट्टी दाबली. ट्रकचा भोंगा वाजला.

एवढ्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, निघालेय मी. तयार आहे ना?"

"ये तू," म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि आठवेल तशी बटणं फिरवायला घेतली. सासूबाई दारातच होत्या.

"असं नव्हतं ते. आधी खालून घसरत वर यायचं. जांभई दिल्यासारखं."

"तुम्हाला आठवतंय?"

"भिंतीपलीकडे झोपते मी. विसरायची सोय ठेवली होतीस का?"

बाईंनी सुराला खालून वर चढवलं.

"आता मांजर रडतंय. पण ते एकटं नव्हतं. दोघं-तिघं होते, एकमेकांशी न पटणारे."

बाईंनी तीन सूर एकमेकांपासून किंचित सरकवले.

"फार भांडतायत. जावा-जावांसारखं कर. नुसती धुसफूस."

बाईंनी ते बटण केसभर मागे घेतलं. मग वरची किरकिर छाटली, थोडी परत आणली. दारात नणंद गाडीची किल्ली वाजवत उभी राहिली. बाईंनी फोन स्पीकरपुढे धरून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पट्टी दाबली.

"हां, हेच ते मेलं," सासूबाई म्हणाल्या, आणि मागोमाग ठेका सुरू झाला.

गाणं संपल्यावर बाई म्हणाल्या, "पुन्हा घेऊ या. आईंचा आवाज आलाय."

"आता कुठला वेळ, वहिनी? बायका ताटकळल्यात तिकडे."

सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून ठेक्याआधी सासूबाईच गरजल्या. प्रेक्षक हसले. तो इशारा समजून साठीपुढच्या चाळीसेक बायकांनी एकदम पाय आपटला आणि नाच ठेक्याच्या अर्धा क्षण आधी सुरू झाला. तिसऱ्या आवर्तनापर्यंत जमून आला.

आता वर्गात त्या वाक्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. सासूबाईंची एकच तक्रार आहे: आधी सांगितलं असतं, तर 'मेलं' म्हटलं नसतं.