अडुळशाचा सत्कार

आसेगावच्या आमच्या घरामागं कुंपणाला अडुळसा आहे. बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून आईनं लावलेला. त्याच पानांवर मी एका फार्मसी कॉलेजात काम करते. पानांतला एक घटक वेगळा काढायचा, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर टाकायचा आणि फ्लूचा विषाणू तिथं वाढतो की अडतो ते बघायचं. आमच्या बशीत तो थोडा अडला. बस, एवढंच. बशीला ना पोट असतं, ना फुफ्फुस. काढा प्यायल्यावर तो घटक माणसाच्या छातीपर्यंत पोचतो का, आणि पोचलाच तर पुरेसा पोचतो का, हे आम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

हे चार वाक्यांत सांगता येतं. आत्ता सांगितलंच की! पण गेल्या जयंतीला विहारात माझा सत्कार झाला, तेव्हा ही चार वाक्यं माझ्या तोंडून निघाली नाहीत. सूत्रसंचालकानं माईकवर ठोकून दिलं, "आपल्या गावच्या लेकीनं सर्दी-तापाच्या विषाणूवर औषध शोधलं!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बाबा बसले होते. जन्मभर गावाला नळाचं पाणी सोडलेला माणूस, त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून डोळे पुसत होता. मी शाल घेतली, "तुम्हा सगळ्यांचे आशीर्वाद" म्हटलं आणि खाली बसले. मलाही ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

मग बाबांना धरबंधच राहिला नाही. गल्लीत कोणी खोकललं की हे पानं घेऊन हजर. "माह्या पोरीचं औषध होय, घ्या." फोनवर मला हे कौतुकानं सांगायचे, आणि मी हसून म्हणायची, "बाबा, तसं नसते ना." तसं नसते म्हणजे कसं असते, ते मात्र मी पुढं कधी सांगितलं नाही.

या हिवाळ्यात गल्लीत तापाची साथ आली. आईचा फोन आला, "तुहे बाबा दम टाकून राह्यले. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतात. तूच ये." मिळाली ती एसटी धरली. घरी पोचले तर बाबा भिंतीला उशी लावून बसलेले. एक वाक्य बोलायचं तर मधेच श्वासासाठी थांबत होते. शेजारी काढ्याचं पातेलं. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर ऑक्सिजनचा आकडा फारच खाली होता.

"बाबा, उठा. वाशिमले जायचं हाय."

"उद्या पाहू."

"उद्या नाई, आता!"

त्यांनी पुढच्या दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "गाडी मागून बोलाव. कुंपनाकडून. म्होरं बाया बसल्या हायेत."

"बसू द्या ना! बायाइचं काय?"

"तुह्याच बापाले दवाखान्यात नेलं, तं लोकं काय म्हनतीन? पोरीचं औषध घरातच चाललं नाई, म्हनतीन."

घ्या! छातीत श्वास मावेना, आणि हा माणूस माझी इज्जत झाकत बसला होता. मला असा राग आला! आला स्वतःचाच, पण ओरडले त्यांच्यावर. नंतर आठवून जीव तुटला, तेव्हा मात्र तोंडाला लगाम नव्हता. गाडीवाल्याला फोन केला आणि तशीच तणतणत पुढच्या अंगणात गेले. शेजारची मावशी मांडीवर खोकणारा नातू घेऊन पानांसाठी थांबली होती. आणखी दोघी-तिघी होत्या.

"आयका सगळ्या," मी म्हटलं. "मी औषध शोधलं नाई. लॅबमधल्या बशीत थोडं काही दिसलं, माणसावर त्याची कोनी तपासनी केली नाई. बाबा तो काढा पिऊन बरे झाले नाईत. मी त्यायले दवाखान्यात नेऊन राह्यली."

मावशीनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "मंग सत्कार काहून घेतला वो माय?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. "आन् मी या लेकराले पाजून राह्यली, ते काय होय?"

"मावशी, त्यालेही घ्या. गाडीत बसा," एवढंच मला बोलता आलं. ती बसली, पण वाशिमपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बाबांना आम्ही पुढच्याच दारानं काढलं, एका बाजूनं आई, एका बाजूनं मी. अख्खी गल्ली बघत होती. बाबांनी मान वर केली नाही, आणि ती मान माझ्यामुळंच खाली गेली होती.

दवाखान्यात नातवाला तपासून, औषधं देऊन घरी पाठवलं. बाबांना मात्र ऑक्सिजन लावून ठेवून घेतलं. डॉक्टर चिडल्या होत्या. "इतका उशीर का केला?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी मास्क बाजूला सरकवला. "पोरगी पयल्या दिवसापासून म्हनत होती, दवाखान्यात जा. मीच आडमुठा." शुद्ध थाप! डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही तरी जबरदस्तीनं आणायचं." मी मान डोलावली. विहारात बसले होते तशीच पुन्हा गप्प.

काही दिवसांनी मास्क निघाला. बाबांना पेज भरवताना मला राहवलं नाही. "काढ्यानं फरक पडून नाई राह्यला, हे तुमाले समजलं नव्हतं काय?"

"समजलं होतं. लवकरच समजलं."

"मंग पेत कायले राह्यले?"

त्यांनी चमचा माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतला. "मी थांबलो असतो, तं तू खोटी पडली असती ना, माय."